देवगिरीचे ताल आणि कैद्यांची बैठक



वसंतातील व्याख्यानांना आपण येता ते काही आपल्या ओळखीचे आणि काही अनोळखी असे ऐकायला मिळावे म्हणून. आजचा माझा विषय असाच अर्धा ओळखीचा व अर्धा अनोळखी आहे. त्याचे एक टोक आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, आणि दुसरे टोक तेथून हजारो मैल दूर, जर्मनांच्या एका युद्धकैद्यांच्या छावणीत. या दोन टोकांमध्ये सुमारे सातशे वर्षांचे अंतर आहे. ते जोडणारा धागा म्हणजे तालांची एक यादी.

प्रथम दुसऱ्या टोकाकडे पाहू. १९४१ सालच्या जानेवारीची १५ तारीख. गोर्लिट्स नावाच्या गावालगतची ‘श्टालाग ८-अ’ ही छावणी. बाहेर बर्फ पडलेला आणि आत एका लाकडी बराकीत कैदी दाटीवाटीने बसलेले. पुढच्या रांगेत छावणीचे जर्मन अधिकारी. समोर चौघे कैदी वादक, अंगावर जीर्ण कपडे. एकाच्या हाती व्हायोलिन, एकाच्या हाती क्लॅरिनेट, एकाकडे चेलो, म्हणजे मांडीशी धरून वाजवायचे थोरले व्हायोलिन, आणि चौथा एका मोडक्या पियानोपाशी. त्या पियानोच्या काही पट्ट्या दाबल्या की वर यायच्याच नाहीत. या चौघांनी सुमारे पन्नास मिनिटांची, आठ भागांची एक नवी रचना वाजवली. तिचे नाव ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’. पियानोवर बसलेला बत्तीस वर्षांचा चष्मेवाला गृहस्थ हाच रचनाकार होता : ऑलिव्हिए मेसियाँ.

पाश्चात्त्यांकडे ‘चेंबर म्युझिक’ नावाचा एक प्रकार आहे. मोठा वाद्यवृंद नाही, दिग्दर्शक नाही. तीन-चार वादकांनी दिवाणखान्यात बसून एकमेकांकडे पाहत वाजवायचे. आपण त्याला बैठकीचे संगीत म्हणू या. विसाव्या शतकातील अशा बैठकीच्या संगीतात या रचनेचे स्थान फार वरचे मानतात. आणि या रचनेच्या पहिल्याच भागात, पियानोच्या डाव्या-उजव्या हातांखाली जे वाजते, त्याची लय देवगिरीच्या शार्ङ्गदेवाकडून घेतलेली आहे. हे मी ओढूनताणून सांगत नाही. स्वतः मेसियाँनेच ते लिहून ठेवले आहे.

आता पहिल्या टोकाकडे वळू. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला यादवांचा सिंघणदेव राज्य करीत होता. त्याच्या दरबारात विद्येला मान होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा त्याचा ज्योतिषी. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ चालविला. ते गाव आज चाळीसगावजवळ आहे. याच दरबारात शार्ङ्गदेव होता. त्याचा आजा भास्कर हा काश्मीरचा. तेथून दक्षिणेत आला. बाप सोढल यादवांच्या पदरी राहिला. शार्ङ्गदेवाचा हुद्दा श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या दप्तराचा आणि जमाखर्चाचा. पुढे ज्या हेमाद्रीचे, आपल्या हेमाडपंतांचे, नाव खेड्यापाड्यांत पोचले, तोही याच खात्याचा अधिकारी. शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होता. आणि हे सर्व सांभाळून त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला : स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. ज्ञानेश्वरी १२९० साली झाली. त्याच्या निदान चाळीसएक वर्षे आधी हा ग्रंथ सिद्ध झाला होता.

पाचवा अध्याय तालाचा. त्यात प्राचीन अशा पाच मार्गतालांचे विवेचन आहे, आणि नंतर एकशेवीस देशी तालांची यादी आहे. देशी म्हणजे निरनिराळ्या प्रदेशांत लोकांच्या रुचीप्रमाणे प्रचारात आलेले. ज्याचे आयुष्य दप्तरात गेले त्याने तालांचेही खाते व्यवस्थित लावून ठेवले. प्रत्येक तालाचे नाव आणि त्यातील कालखंडांचा क्रम, एवढेच. कालखंड मोजण्याची मापे आपल्याला वृत्तांवरून ठाऊकच आहेत : लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन, प्लुत म्हणजे तीन, आणि लघूच्या निम्मा तो द्रुत. शिवाय ‘विराम’ नावाची एक खूण आहे. ती ज्या मापावर पडते त्याला त्याच्या निम्म्याने वाढवते. म्हणजे अर्ध्या मात्रेच्या द्रुतावर विराम आला की त्याची पाऊण मात्रा होते.

उदाहरणासाठी दोन ताल घेऊ. ‘चंद्रकला’ तालात तीन गुरू, तीन प्लुत आणि एक लघू. दोन, दोन, दोन; तीन, तीन, तीन; आणि एक. बेरीज करा : सोळा. चंद्राच्या कला सोळा, तशा या तालाच्या मात्रा सोळा. आपला त्रितालही सोळा मात्रांचाच, पण त्याचे चार समान तुकडे होतात. चंद्रकलेचे तुकडे समान नाहीत. ते वाढत जातात आणि शेवटी एका मात्रेशी येऊन थांबतात. दुसरा ताल ‘रागवर्धन’. त्यात द्रुत, विरामयुक्त द्रुत, पुन्हा द्रुत आणि मग एक प्लुत. म्हणजे अर्धी, पाऊण, अर्धी आणि तीन. हा रागवर्धन लक्षात ठेवा. तो छावणीत पुन्हा भेटणार आहे.

यादवांचे राज्य गेले. १२९६ साली अल्लाउद्दीनाची स्वारी आली आणि पुढे देवगिरीचे नावही दौलताबाद झाले. ग्रंथ मात्र राहिला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिल्या. पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादिलेली कल्लिनाथी टीकेसह आवृत्ती १८९६-९७ मध्ये छापली. ग्रंथ असा जपला गेला, पण गाणे पुढे निघून गेले होते. आज आपण जो तबला ऐकतो त्यातील ठेके, बोल, खाली-भरी ही सारी व्यवस्था निराळी आहे. रत्नाकराचा आजच्या हिंदुस्थानी गायकीशी थेट सांधा जुळत नाही, हे पंडित भातखंडे यांनी रोखठोकपणे सांगितले, आणि ते खरेच आहे. मैफलीत ‘आता रागवर्धन तालात एक चीज’ असे कोणी म्हटलेले आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? ते एकशेवीस ताल पोथीत होते, पण हातात नव्हते.

त्यांची पुढची वाटचाल मोठी विलक्षण आहे. फ्रान्समध्ये झ्वानी ग्रोसे नावाचा संस्कृतज्ञ होता. भरताच्या नाट्यशास्त्राच्या काही अध्यायांची चिकित्सक आवृत्ती त्याने १८९८ साली काढली होती. पॅरिसच्या संगीत-विद्यालयाच्या आश्रयाने आल्बेर लाविन्याक याने एक प्रचंड संगीतकोश योजला. त्याच्या १९१३ सालच्या खंडात हिंदुस्थानच्या संगीतावरचा दीर्घ लेख ग्रोसेने लिहिला आणि त्यात शार्ङ्गदेवाच्या देशी तालांचे कोष्टक जसेच्या तसे दिले. कोशातली कोष्टके कोण वाचतो? विद्यार्थी चाळतात आणि पान उलटतात. पण त्या विद्यालयातला एक तरुण त्या पानावर थांबला.

हा तरुण मेसियाँ. जन्म १९०८ चा, आव्हिन्यों येथला. वडील इंग्रजीचे शिक्षक आणि शेक्सपिअरचे भाषांतरकार, आई कवयित्री. १९३१ साली तो पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक झाला आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्या जागेवर राहिला. कॅथलिक धर्मावर त्याची अढळ श्रद्धा होती. लयीच्या बाबतीत मात्र तो आपल्याच परंपरेवर असमाधानी होता. युरोपच्या संगीतात तीन-चार शतके काळाचे समान तुकडे पाडून त्यावर सूर बसविण्याची चाल रूढ झाली होती. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. लष्करी कूच म्हणजे तर लयीचा अभावच, असे तो पुढे मुलाखतीत सांगे. निसर्गात काहीच असे समान चालत नाही, मग संगीतानेच का चालावे? या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या कोष्टकात दिसले. तेथे तुकडे समान नव्हते. तेथे पाऊण मात्रेलाही पूर्ण मानाचे स्थान होते.

रागवर्धनाकडे तो फार वेळ पाहत राहिला असावा, कारण त्यातून त्याने दोन सिद्धांत काढले. अर्धी, पाऊण, अर्धी यांतली मधली पाव मात्रा जादा आहे. तिने चालीला जरासा अडखळा येतो आणि त्यातच तिचा प्राण आहे. याला त्याने ‘जोडलेले मूल्य’ म्हटले. दुसरे असे की, अर्धी-पाऊण-अर्धी हा तुकडा उलटा वाचला तरी तसाच राहतो. आपण लहानपणी ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचून टाळ्या पिटल्या आहेत. तसाच हा लयीचा प्रकार. अशा लयीला उलटवता येत नाही. मागे जा किंवा पुढे जा, एकच. मेसियाँला यात खेळाहून अधिक काही दिसले. जेथे मागे आणि पुढे एकच, तेथे काळाची धाव थांबली, असे त्याला वाटले.

पुढे महायुद्ध पेटले. १९३९ साली त्याला लष्करात घेतले. दृष्टी अधू म्हणून शुश्रूषा-पथकात. वेर्दं येथे त्याची गाठ एतियेन पास्किए या नामांकित चेलोवादकाशी आणि आन्री अकोका या क्लॅरिनेटवादकाशी पडली. पहाटेच्या पहाऱ्यावर असताना मेसियाँ पाखरांची किलबिल कान देऊन ऐके. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि तिघेही जर्मनांच्या हाती सापडले. नान्सीजवळ उघड्या मैदानात कैद्यांना ठेवले होते. तेथे अकोकाने मेसियाँची एकट्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेली चीज वाजवून पाहिली. कागद ठेवायला काही नव्हते म्हणून पास्किए तो हातात धरून उभा राहिला. हीच पुढे ‘चौकडी’चा तिसरा भाग झाली.

गोर्लिट्सच्या छावणीत झाँ ल बुलेर हा व्हायोलिनवादक भेटला. चेलो मिळविण्यासाठी कैद्यांनी आपापसांत पैसे गोळा केले आणि पास्किएला पहाऱ्यात गावात नेऊन ते वाद्य विकत घेतले. कार्ल-आल्बेर्ट ब्र्युल नावाचा एक जर्मन पहारेकरी मूळचा वकील होता. त्याला फ्रेंच येत होते. त्याने मेसियाँला कागद, पेन्सिली आणि निवांत जागा मिळवून दिली. शत्रूच्या गोटातही माणूस असतो याची नोंद इतिहासाने केली पाहिजे. कैद्यांत अकोका हा ज्यू होता. त्या राजवटीत याचा अर्थ काय होता हे सांगायला नको. तो पुढे एप्रिल १९४१ मध्ये धावत्या गाडीतून उडी टाकून निसटला.

येथे इतिहासलेखकाने एक सावधगिरी घ्यायला हवी. मेसियाँ पुढे सांगत असे की, त्या रात्री पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. पास्किएने हे खोडून काढले : तारा चारही होत्या, आणि बराकीत फार तर काही शतके माणसे मावली असती. आठवण मोठी होत जाते. भाविक माणसाची तर अधिकच. पण संख्या कमी केल्याने प्रसंगाची थोरवी कमी होत नाही.

आता ती रचना. बायबलच्या अखेरच्या ग्रंथात एक देवदूत समुद्रावर आणि भूमीवर पाय रोवून उभा राहतो, हात उंचावतो आणि यापुढे काळ उरणार नाही असे घोषित करतो. त्या दूताला ही रचना वाहिलेली आहे. पहिल्या भागात पहाटेच्या वेळी क्लॅरिनेट काळ्या कस्तुर पक्ष्यासारखे बोलते आणि व्हायोलिन बुलबुलासारखे. त्यांच्या खाली पियानो शांतपणे एक लय फिरवीत असतो. त्या लयीत सतरा कालखंड आहेत. ते शार्ङ्गदेवाच्या तीन तालांतून घेतले आहेत : रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. रागवर्धन त्याने उलटा करून मांडला आहे. तीन मात्रांच्या प्लुताचे तीन लघू केले, आणि मग अर्धी, पाऊण, अर्धी. चंद्रकलेचे प्रमाण मात्र दोन-दोन-दोन, तीन-तीन-तीन, एक, असे तंतोतंत आहे.

या सतरा कालखंडांवर त्याने एकोणतीस स्वरसंघांची रांग चढवली. सतरा मण्यांची एक माळ आणि एकोणतीस मण्यांची दुसरी, अशा दोन्ही एकदम ओढू लागलो तर पहिला मणी पुन्हा पहिल्या मण्याशी कधी भिडेल? शाळेत शिकलेला लसावि आठवा. सतरा गुणिले एकोणतीस, म्हणजे चारशे त्र्याण्णव. तेवढे मणी ओढून होण्याच्या कितीतरी आधीच पहिला भाग संपतो.

आपल्यासारख्या समेच्या श्रोत्यांना याचा अर्थ लगेच कळावा. आपण आवर्तन ऐकतो ते समेसाठी. गवई कितीही लांब गेला तरी तो समेवर येणार ही आपली खात्री असते. तो आला की मान आपोआप हलते. मेसियाँने आवर्तन घेतले, पण सम पलीकडच्या तीरावर ठेवली. ती आहे, हिशेबाने सिद्ध आहे, पण या मैफलीत येणार नाही. शाश्वत काळ कसा असेल हे त्याला शब्दांनी सांगायचे नव्हते, म्हणून त्याने तो असा मोजून दाखविला. ज्यांचा प्रत्येक दिवस हजेरीने आणि गजराने मोजला जात होता, त्यांच्यापुढे हे वाजले.

सहाव्या भागात चारही वाद्ये एकच सूर धरून, जणू एकाच प्रचंड घंटेसारखी, उठतात. तेथे तीन-पाच-आठ-पाच-तीन, चार-तीन-सात-तीन-चार, अशा उलटसुलट सारख्याच लयी आहेत. रत्नाकराच्या यादीतला ‘ढेंकी’ हा ताल गुरू, लघू, गुरू असा आहे, दोन-एक-दोन. अशा लयींचे बीज म्हणून मेसियाँ त्याचा आदराने उल्लेख करी.

एवढे ऐकल्यावर आपली छाती फुगणे साहजिक आहे. म्हणून थोडे पाणी ओततो. मेसियाँने जे घेतले तो ताल नव्हे, तालाचा हिशेब होय. कागदावरच्या कोष्टकात हाताची क्रिया नव्हती, बोल नव्हते, गुरुमुख नव्हते. तो ताल कोणत्या प्रबंधाला लागे, नर्तकी त्यावर कसे पाऊल टाकी, हे काहीच त्याला ऐकायला मिळाले नव्हते. १९६६ साली बाथच्या महोत्सवात रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन समोरासमोर बसून वाजवू लागले, ती खरी दोन परंपरांची भेट. एकाच्या डोळ्यांत दुसरा दिसत होता. मेसियाँची भेट पुस्तकाशी झाली. आपला एखादा तबलजी ‘चौकडी’ ऐकून म्हणेल, ‘साहेब, यात ताल कुठे आहे?’ आणि तो चुकीचा ठरणार नाही.

तरीही मला वाटते की, या गोष्टीत आपल्याला शिकण्यासारखे याच ठिकाणी आहे. शार्ङ्गदेवाच्या एकशेवीस तालांचे आपण काय केले? ते जपले, छापले, फडताळात ठेवले आणि नाव निघाले की नमस्कार केला. परक्या माणसाने ते अर्धेमुर्धे समजून घेतले, उलटे केले, मोडले, आपल्या धर्माच्या आणि आपल्या दुःखाच्या कामी लावले. आपण त्यांना मान दिला. त्याला त्यांची गरज होती. वारसा मानाने टिकतो, पण गरजेने जगतो. जो भुकेने ताट ओढून घेतो त्याला पंगतीची रीत कळत नसेल, पण अन्नाची किंमत त्यालाच कळते.

मेसियाँची १९४१ सालीच सुटका झाली. पॅरिसच्या संगीत-विद्यालयात तो पुढे अनेक वर्षे शिकवीत होता. बुलेझ, श्टॉकहाउझेन, झेनाकिस हे त्याच्याकडे शिकून गेले. १९४४ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने रागवर्धनाचे ऋण उघड मान्य केले. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लयीवरील मोठ्या ग्रंथात सर्व एकशेवीस देशी तालांचे विवेचन आहे. ती छावणी आज पोलंडच्या हद्दीत आहे. तेथे आता स्मारक-केंद्र उभे आहे आणि दर १५ जानेवारीला ही ‘चौकडी’ तेथे वाजविली जाते. म्हणजे वर्षातून एकदा, बर्फाच्या दिवसांत, देवगिरीची चंद्रकला त्या बराकींच्या जागी मोजली जाते.

शार्ङ्गदेवाने तालाध्याय लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सिंघणदेवाचा दरबार असेल. गोर्लिट्सची बराक खचित नव्हती. नीट लावलेले खाते कोणाच्या उपयोगी पडेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. त्याने फक्त ते नीट लावायचे असते. शार्ङ्गदेवाने आपले काम केले. कल्लिनाथाने, तेलंगांनी, ग्रोसेने आपापले केले. मेसियाँने आपले केले. आता ग्रंथ पुन्हा आपल्या दारात आहे, आणि त्यातले एकशेवीस ताल अजून एकशेवीसच आहेत. आपल्या गावात हाताने ठेका धरणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी एकाने जरी उद्या अर्धी, पाऊण, अर्धी आणि तीन असे मांडीवर वाजवून पाहिले, तरी आजची ही संध्याकाळ कारणी लागली असे मी म्हणेन.